संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी

ठाणे-कल्याणकडील विद्यार्थी जुन्या गोव्यास गेले, तर त्यांनी बॉम जेझू चर्चमधील ही समाधी निरखून पाहावी, असे आम्हांस वाटते. संत फ्रान्सिस १५५२ साली चीननजीकच्या एका बेटावर निवर्तले. त्यांचे अवशेष असलेली चांदीची पेटी १६३७ च्या सुमारास गोमंतकीय कारागिरांनी घडविली. तिच्यावर संतचरित्रातील प्रसंग उठविले आहेत. खालील संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोजिनी या शिल्पकाराची कृती असून तो १६९८ साली उभा राहिला. त्याच्या चारी अंगांस ब्राँझमध्ये उपदेश, बाप्तिस्मा, छळ व मरण हे प्रसंग दाखविले आहेत. निरक्षर यात्रेकरूसही ते वाचता येतात. डोळे चांदीने दिपतात खरे. परंतु दूर बेटावरील ते निष्कांचन मरणच पूज्यभावाचे मूळ होय.