घळीत एकटं उतरण्याआधी

पाणी आधी ठरव, वाट मग. आपल्याकडं उलटं चालतं. गड ठरतो, वाट ठरते, आणि कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे ते पायथ्याच्या गावातल्या एखाद्या मामांना विचारलं की झालं. युटाच्या दक्षिणेला असे मामा भेटत नाहीत. एस्कलांटे गाव मागं टाकून होल-इन-द-रॉक रस्त्याला लागलास की पुढं ना वस्ती, ना टपरी, ना नळ. तू सह्याद्री कितीही तुडवलेला असलास तरी इथं विचारायला कुणी नाही, म्हणून जे ठरवायचं ते फिनिक्सच्या घरात बसूनच ठरव.

पहिल्या एकट्या ट्रेकला कायोटी गल्च ही घळ घे. दोन मुक्काम, हरिकेन वॉशमधून आत आणि त्याच वाटेनं बाहेर. तिथं बारमाही ओढा आहे. जेकब हॅम्ब्लिन कमान साधारण अकरा किलोमीटरवर, आणि तिच्याजवळ कड्यातून झरा पाझरतो. पण सुरुवातीचा बराच टप्पा कोरडी वाळू आहे, म्हणून निघताना पाठीवर चार लिटर हवंच. म्हणजे चार किलो. तेवढ्यासाठी दुसरा शर्ट आणि ते जाडजूड पुस्तक घरी ठेव. परतल्यावर प्यायला गाडीत वेगळा कॅन भरून ठेवायचा.

झऱ्याचं पाणीसुद्धा गाळून पी. ओढा गढूळ असला तर फिल्टर लगेच तुंबतो. भांड्यात पाणी रात्रभर निवळू दे, सकाळी वरचं गाळ. तुरटीचा खडा जवळ ठेव. आजी पावसाळ्यात हंड्यात फिरवायची तोच. कलोरॅडो नदीवर बोटी नेणारेही गाळ बसवायला तुरटीच वापरतात. आणि नुसतं पाणी ढोसत राहू नकोस, अंगातलं मीठ उतरलं की डोकं गरगरतं. खारे शेंगदाणे, खाकरा, लिंबाचं लोणचं चालता चालता खात जा. रात्री मेतकूट-भात.

पावसाचं मात्र तुला नव्यानं शिकायला हवं. आपल्याकडं ढग डोक्यावर येतो, मग ओढा फुगतो. इथं तुझ्या डोक्यावर निळं आकाश असताना लोंढा येऊ शकतो, कारण उघड्या खडकावर पडलेलं पाणी मुरत नाही, सगळं घळीत धावतं. 12 ऑगस्ट 1997 ला ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा जण असेच गेले. पाऊस काही मैल लांब पडला होता. म्हणून जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नाव काढू नकोस. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. ऑक्टोबरअखेर कॉटनवूडची झाडं पिवळी होतात, मला विचारशील तर तेच दिवस. हवामान खात्याचा अंदाज नुसता मुक्कामाच्या जागेचा पाहू नकोस, वरच्या सगळ्या पाणलोटाचा पाहा. तंबू ओढ्याच्या पातळीवर नको. कड्याला अडकलेला काटक्या-पाला दिसला तर मागचं पाणी तिथवर चढलं होतं असं समज, आणि त्याच्याही वर जा. होल-इन-द-रॉक रस्ता बराचसा मातीचाच आहे. पावसात चिखल झाला की गाडी हलत नाही, तेव्हा वाळेपर्यंत थांबायची तयारी ठेव. एक दिवसाचं जास्तीचं खाणं त्यासाठी.

नकाशावर फोर्टीमाइल रिजकडून उतरणाऱ्या जवळच्या वाटा दिसतील. एकीत गुळगुळीत उतारावर लोक दोर लावतात, दुसरीत कड्याच्या भेगेतून सरपटत जायचं आणि सॅक दोरानं सोडायची. जोडीदार असेल तेव्हा कर. ॲरन रॅल्स्टन 2003 साली ब्लूजॉन कॅन्यनमध्ये एकटा गेला आणि सुटलेल्या दगडाखाली हात अडकून पाच दिवस तसाच होता. त्याच्यावरचा सिनेमा तू रहमानच्या संगीतासाठी पाहिलास, हात कापण्याच्या दृश्याला डोळे मिटलेस. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: कुठं जातोय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

बारीकसारीक चटकन सांगते. ओढ्याकाठची चकाकती वाळू पाय गिळते. पाय रुतलाच तर घाबरून हिसके देऊ नकोस, मागं रेल आणि पाय हळूहळू हलवत सोडव. सकाळी बूट झटकून घाल, विंचू असतो. काळपट, खडबडीत कवचासारखी माती दिसली तर तिच्यावर पाऊल नको, ती जिवंत आहे आणि तुटली की सावरायला कित्येक वर्षं लागतात. शेकोटीला बंदी आहे, रात्री गारठतं, तेव्हा स्लीपिंग बॅग चांगली घे. आणि हो, विष्ठासुद्धा पिशवीत भरून परत आणायची असते. नाक मुरडू नकोस. अरुंद घळीत एवढी माणसं येतात, पुरायला जागा कुठून आणणार? त्या पिशव्या आणि परवान्याची माहिती एस्कलांटेच्या व्हिजिटर सेंटरमध्ये मिळेल. तिथल्या रेंजरला ओढ्याची परवाची हालत विचारून घे, आपल्या मामांच्या सगळ्यात जवळचं माणूस तेच.

आता निरोपाचं. कागदावर लिही: गाडीचा नंबर, ती कुठं लावलीस, आतली वाट, दोन्ही मुक्काम, तंबूचा रंग, बुटाच्या तळव्याचा फोटो. वाट मध्येच बदलायची नाही, मोह झाला तरी. उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र भाड्यानं घे, पण उंच भिंतींमध्ये त्याला आकाश पुरेसं दिसत नाही, निरोप उशिरा जातो. कागद आईकडं देऊ नकोस, पहिल्या रात्रीच ती शेरीफला उठवेल. रूममेटलाही नको, तो सोमवारपर्यंत विसरेल. माझ्याकडं दे. रविवारी रात्री आठपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी शेरीफच्या कचेरीत फोन लावणार, साडेआठ नाही. हे आठ फिनिक्सचे. उन्हाळी वेळेत युटा एक तास पुढं असतं, तिथं तेव्हा नऊ वाजलेले असतील. घड्याळ बघताना घोळ घालू नकोस.