शाळेतली तपासणी फुकट, मग पैसे कुठे जातात?

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत वर्षातून एकदा आरोग्य तपासणीचं फिरतं पथक येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे पथक. कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीत ते वर्षातून दोनदा येतं. पथकात एक पुरुष आणि एक महिला डॉक्टर, एक नर्स आणि औषधं देणारा फार्मासिस्ट असे चौघं असतात. या तपासणीला एक रुपयाही लागत नाही. खिशाला चाट बसते ती पुढे, दप्तरात चुरगळून पडलेल्या चिठ्ठीमुळे.

आधी लेकराच्या तयारीचं. सकाळी पोटभर खाऊ घाला. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, आणि लोहाची गोळी रिकाम्या पोटी दिली की मळमळतं. डोळ्यांत काजळ नको, नखांना मेंदी किंवा नेलपॉलिश नको. रक्त कमी आहे का हे डॉक्टर पापणीच्या आतल्या बाजूवरून आणि नखांवरून पाहतात. आदल्या रात्री कानात तेल ओतू नका. चष्मा असेल तर तो सोबत द्या. तो कपाटात ठेवून नजर तपासण्यात अर्थ नाही. अंगावर फिकट डाग असेल, फिट आली असेल, धावताना धाप लागत असेल, तर ते कागदावर लिहून गुरुजींकडे द्या. पन्नास लेकरांच्या रांगेत मूल स्वतःहून सांगत नाही. मोठ्या मुलींना पथकात महिला डॉक्टर असते हे आधीच सांगा, म्हणजे पाळीचं दुखणं त्या लपवणार नाहीत.

‘सुई देणार नाहीत’ असं वचन मात्र देऊ नका. रक्तासाठी बोट टोचू शकतात, आणि १० व १६ व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस असतेच. ‘थोडं टोचेल’ म्हटलं की मूल तयार राहतं. लसीचं कार्ड सोबत द्या. ते हरवलं असेल तर आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे नोंद मिळते. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत आहे. खासगीत विकत घ्यायचं कारण नाही.

आता चिठ्ठी. पथकाला काही आढळलं तर ते वरच्या दवाखान्याची चिठ्ठी देतात: ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाची, नाहीतर आपल्या जिल्ह्याच्या गावी, परभणीला असलेल्या मोठ्या रुग्णालयाची. या चिठ्ठीवरचे पुढचे उपचारही कार्यक्रमातून मोफत असतात. चिठ्ठी बाजूला ठेवून थेट खासगीत गेलात तर बालरोगतज्ज्ञाची फी साधारण दोनशे ते पाचशे, रक्ताची सीबीसी तपासणी आणखी दोन-चारशे, आणि साधा चष्मा पाचशेच्या पुढे. सरकारी चष्मा मोफत मिळतो, पण उशीर होऊ शकतो. वार्षिक परीक्षा तोंडावर असेल आणि फळ्यावरचं दिसत नसेल, तर तेवढा एक खर्च मी खुशाल करा म्हणेन.

परभणीला जायचं तर एसटीचा हिशेब असा: बाईला २०२३ पासून अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलालाही अर्धंच. म्हणजे मायलेकरांचं मिळून एक पूर्ण तिकीट. आईऐवजी बाप गेला तर दीड. खरी झळ बुडालेल्या मजुरीची असते, कापूस वेचणीच्या दिवसांत तर फारच. म्हणून डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे आशाताईंकडून किंवा फोनवर विचारूनच निघा. चिठ्ठी, आधार आणि रेशनकार्ड सोबत हवंच. हृदयाच्या शस्त्रक्रियेसारखं मोठं काही निघालं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ते योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातच, आणि भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटूनच. चौकशीचा टोल फ्री क्रमांक १५५३८८.

गंगाखेड, सोनपेठ, पालम भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची अडचण वेगळी. पथक शाळेत येतं तेव्हा लेकरू फडावर असतं. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांना पथकाची तारीख विचारा. ती चुकणार असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्या, आणि लसीचं कार्ड बिऱ्हाडासोबत न्या. कारखान्याच्या गावातल्या आशाताईही त्यावर लस देण्याची सोय करू शकतात. त्यासाठी त्या गावचा रहिवास दाखवावा लागत नाही.

विनाअनुदानित इंग्रजी शाळांमध्ये हे पथक सहसा येत नाही. तिथे शाळाच कुणाला तरी बोलावते आणि पैसे फीमध्ये धरते. पावती मागा, आणि त्यात काय काय तपासलं हे लेखी घ्या. नुसती उंची-वजन मोजून दोनशे रुपये घेत असतील, तर तेवढं काम प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होतं.