आपले इंदूर कोण चालवते?

तिसरी-चौथीच्या मुलांना ‘शहर कोण चालवते?’ असे विचारले की ‘महापौर’, ‘कलेक्टर’, ‘पोलीस’ अशी उत्तरे येतात. ती चुकीची नाहीत, पण अपुरी आहेत. शहर चालते ते लाखो लोकांच्या रोजच्या कामावर. हे मुलांना समजावे म्हणून आम्ही येथे एक छोटा पाठ देत आहोत. तो वर्गात घेता येईल, तसाच घरीही.

१. पोह्यांची प्लेट

मुलांनो, सकाळी पोहे-जिलेबी खाताना ती प्लेट किती हातांतून आली ते मोजा. शेतकऱ्याने भात पिकवला. कारखान्यात त्याचे पोहे झाले. असे कारखाने आपल्या शेजारी उज्जैनलाही आहेत. ट्रकचालकाने पोती आणली, हमालांनी ती उतरवली, ठोक व्यापाऱ्याने दुकानदाराला विकली. कांदा मंडईतून आला, शेव शेववाल्याकडून आली. गॅसची टाकी कोणीतरी पोहोचवली. प्लेटचे पैसे या सगळ्यांत वाटले जातात. पोहेवाल्याकडे जे उरते, त्यातून तो मुलांची फी भरतो, शिंप्याला शिलाई देतो, घरभाडे देतो. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, हे सूत्र वहीत लिहून ठेवा.

२. तीन प्रकारची कामे

काही लोक वस्तू तयार करतात. इंदूरजवळच्या पीथमपूरला वाहने आणि औषधे तयार होतात. काही लोक वस्तू विकतात. सियागंज, सराफा, कपडा मार्केट ही त्याची ठिकाणे. काही लोक सेवा देतात, म्हणजे डॉक्टर, शिक्षक, बसचालक, सफाई कामगार.

सेवा डोळ्यांना लगेच दिसत नाही. आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूद येथून पंपांनी चढवून आणतात. ते पंप रात्रंदिवस सांभाळणारी माणसे आहेत. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळवला, तो रोज पहाटे झाडू हाती घेणाऱ्यांमुळे आणि घरोघर कचरा वेगळा करणाऱ्या नागरिकांमुळे. या सेवांचा खर्च बऱ्याच अंशी दुकाने, कारखाने आणि घरे यांच्याकडून मिळणाऱ्या करांतून भागतो.

३. काम थांबले तर?

एकेकाळी इंदूर कापड गिरण्यांचे शहर होते. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार, कल्याण ही नावे आजी-आजोबांना विचारा. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि पाच हजारांहून अधिक कामगारांचे काम गेले. पगार थांबला की किराणा दुकानाची उधारी वाढते, चहाच्या टपरीवरचे गिऱ्हाईक कमी होते, शिंपी रिकामा बसतो. एक भोंगा बंद होतो, तेव्हा साऱ्या वस्तीच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना ३२ वर्षे लढावे लागले. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. तोपर्यंत अनेक कामगार हयात नव्हते.

तरीही अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या काढण्याची परंपरा कामगारांनी सोडली नाही. काम माणसाला पगार देते, तशी ओळखही देते, हे मुलांना यातून सांगता येईल.

४. करून पाहा

दहा मुलांना दहा कामांच्या चिठ्ठ्या द्या: शेतकरी, हमाल, दुकानदार, नर्स, वायरमन वगैरे. जो ज्याच्यावर अवलंबून आहे, त्याच्याकडे सुतळीचा गुंडा टाकावा. आपल्या हातातला धागा मात्र सोडू नये. जाळे तयार झाले की एका मुलाला धागा सोडायला सांगा. जाळे कुठे सैल पडले, ते सर्वांनी पाहावे.

पालकांना विनंती की, आपण काय काम करता आणि त्याचा कोणाला उपयोग होतो, हे मुलांना अवश्य सांगावे. कामात लहान-मोठे नसते, हे मूल घरातच शिकते. विश्वस्त मंडळाला आमची सूचना आहे की, दर महिन्याला एका पालकास आपले काम सांगण्यासाठी वर्गात बोलवावे. डॉक्टर-इंजिनिअर यावेत, तसेच रिक्षाचालक, पोळ्या लाटणाऱ्या ताई आणि सफाई कामगारही यावेत.

गृहपाठ: आज तुमच्या उपयोगी पडलेल्या पाच कामांची यादी करा. त्यांपैकी एका व्यक्तीला उद्या ‘धन्यवाद’ म्हणा.