प्रकोष्ठातील स्पर्शवाही मज्जातंतू व बधिर हाताचे परीक्षण

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके उसाचे. गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून येणारी ऊसतोड कुटुंबे फडाजवळ राहतात आणि ‘हात बधिर होतो’ ही तक्रार घेऊन आपल्याकडे वा औषधी दुकानात येतात. कोयत्याचे श्रम व वातप्रकोप असे समजून तेल-शेक सांगण्यापूर्वी एका मज्जातंतूचे परीक्षण अवश्य करावे, असे आम्हांस वाटते.

रचना : रेडियल नर्व्ह कोपरासमोर बाहेरील बाजूस दोन शाखांत विभागते. खोल शाखा स्नायूंकडे जाते. सुपरफिशियल शाखा केवळ स्पर्शवाही आहे. ती ब्रॅकिओरेडियालिस स्नायूखालून, रेडियल धमनीच्या बाहेरील बाजूने उतरते व मनगटाच्या वर सुमारे 8 सें.मी. अंतरावर त्वचेखाली येते. हाताच्या पृष्ठभागाचा अंगठ्याकडील भाग तिच्या क्षेत्रात येतो. क्षिप्र मर्माच्या पृष्ठभागावरील त्वचा ही तिच्या परीक्षणाची उत्तम जागा होय.

या शाखेवर एकही स्नायू अवलंबून नाही. ती बिघडली तरी मूठ घट्ट वळते, काम चालू राहते. म्हणूनच रोगी व वैद्य दोघेही फसतात.

परीक्षण : रोग्यास डोळे मिटण्यास सांगून कापसाच्या धाग्याने स्पर्श करावा व स्पर्श झालेली जागा त्याने बोटाने दाखवावी. नंतर मनगटाच्या किंचित वर, रेडियस अस्थीच्या बाहेरील कडेवर बोट आडवे फिरवून मज्जातंतू चाचपावा. दोन्ही हातांची तुलना करावी.

निदान : घट्ट कडे वा घड्याळाचा पट्टा यांच्या दाबानेही बधिरता येते. हा विकार वार्टेनबर्ग यांनी 1932 मध्ये वर्णिला. त्यात दाबाच्या जागी टिचकी मारल्यास झिणझिण्या येतात. मानेतील विकारात प्रकोष्ठाची बाहेरील बाजूही बधिर असू शकते. मधुमेहात बहुधा प्रथम दोन्ही पाय बधिर होतात. परंतु मज्जातंतू दोरीसारखा जाड लागला, किंवा फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्शज्ञान नसले, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या 5 व्या अध्यायात त्वग्गत कुष्ठात स्पर्शहानी सांगितलीच आहे.

चिकित्सा : बधिर त्वचेवर स्वेदन वा अग्निकर्म करू नये, चटका रोग्यास कळत नाही व व्रण होतो. संशयित रोग्यास त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे बहुविध औषधोपचार विनामूल्य मिळतो. प्रकारानुसार त्याचा काळ 6 किंवा 12 महिने असतो. हंगाम संपताच टोळी गावी परतते, म्हणून पुढील औषध गावच्या केंद्रातून मिळण्याची व्यवस्था आधीच करून घेण्यास रोग्यास सांगावे.

औषधी दुकानदारांनीही बधिरतेसाठी तेल मागणाऱ्यास ‘अंगावर चट्टा आहे का?’ एवढे विचारावे. उपचारास विलंब झाल्यास गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. आणि ऊसतोड मजुराचे पोट हातावरच असते.