बाहेरची हार्ड डिस्क संगणकाला दिसेना, तर काय करावे?

– ऊस विकास अधिकारी



या पानावर नेहमी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, खोडव्याची निगा असे विषय असतात. या वेळचा विषय वेगळा असला, तरी शेतकऱ्याच्या घराबाहेरचा नाही. लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसात येणारे सभासद आता उसाबरोबर आणखी एक गोष्ट विचारतात. "साहेब, हार्ड डिस्क लावली की पूर्वी लगेच यायची. आता संगणक तिला ओळखतच नाही. गेलं का सगळं?"

या 'सगळं'मध्ये काय काय असते ते पाहा. पाणीपुरवठा संस्थेचे हिशेब, ठिबकच्या प्रकरणाची कागदपत्रे, वाटणीपत्राची स्कॅन केलेली प्रत, मुलीच्या कॉलेजचा प्रकल्प, लग्नाचे चित्रीकरण, आणि हयात नसलेल्या माणसांचे फोटो. सातबारा पुन्हा काढता येतो. आजीचा फोटो पुन्हा काढता येत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

आधी उत्तर सांगतो, मग कारणे. डिस्क दिसत नाही म्हणजे माहिती गेली, असे बहुतेक वेळा नसते. मात्र घाबरून चुकीचे बटण दाबले, तर हाती असलेली माहितीही जाते.

मोटारीचा न्याय लावा

विहिरीवरची मोटार चालू झाली नाही, तर आपण लगेच मोटार वर काढत नाही. आधी वीज आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. सगळे ठीक असेल तरच मोटारीला हात लावतो. हार्ड डिस्कचेही तसेच करावे. आधी वीज, मग केबल, मग संगणक, आणि शेवटी डिस्क. पुष्कळ जण नेमके उलटे करतात.

डिस्क आणि यू.एस.बी. यांची ओळख

पहिली हार्ड डिस्क आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि कपाटाएवढ्या त्या यंत्रात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज खिशात मावणाऱ्या डिस्कचे तत्त्व तेच आहे. चुंबकीय थर दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावरून वाचणारे हेड सरकते. हेड आणि तबकडी यांतील फट केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असते. म्हणून चालू डिस्कला धक्का लागणे वाईट, आणि घरी तिचे झाकण उघडणे तर त्याहून वाईट. धुळीचा एक कण आत गेला, तरी तबकडी खरवडते.

संगणक आणि डिस्क यांना जोडणाऱ्या पद्धतीला यू.एस.बी. म्हणतात. तिचा पहिला नमुना १९९६ साली ठरला. ती घडविणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे एक प्रमुख अभियंते होते. पुढे २००० साली दुसरी आणि २००८ साली तिसरी आवृत्ती आली. वीज किती मिळते, हा मुद्दा याच आवृत्त्यांत दडलेला आहे.

१) वीज पुरते का?

बाहेरच्या डिस्क दोन तऱ्हेच्या असतात. लहान, म्हणजे अडीच इंची डिस्क संगणकाच्या तोंडातूनच (पोर्टमधून) वीज घेते. मोठी, साडेतीन इंची डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर चालते.

लहान डिस्क सुरुवातीला फिरू लागताना जास्त वीज ओढते, आपली मोटार सुरू होताना ओढते तशी. जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या पोर्टमधून अर्धा अँपिअर वीज मिळते. तिसऱ्या आवृत्तीच्या पोर्टमधून ०.९ अँपिअर मिळते. हा पोर्ट बहुधा आतून निळा असतो. शेवटच्या सरीपर्यंत पाणी पोचले नाही, तर तिथला ऊस वाळतो. तीच गत लांब केबलची, आणि एकाच पोर्टवर चार वस्तू जोडणाऱ्या हबची. दिवा लागतो, पण डिस्क फिरत नाही.

यास्तव हब काढून टाकावा. टेबलावरच्या संगणकाच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टमध्ये डिस्क थेट लावावी. लॅपटॉप असेल, तर तो चार्जिंगला लावून पाहावे.

मोठ्या डिस्कचा अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो. तो बिघडला म्हणून पिन बसते त्या दुसऱ्या अडॅप्टरवर डिस्क लावू नये. लॅपटॉपचा अडॅप्टर बहुधा १९ व्होल्टच्या आसपासचा असतो. तो लावला, तर डिस्कची पाटी जळू शकते. अडॅप्टरवरचे आणि डिस्कवरचे आकडे जुळवूनच लावावा.

२) केबल बदलून पाहा

बऱ्याच लहान डिस्कना रुंद, चपटी पिन असते. ती काढ-घाल करून सैल होते. उंदराने कुरतडलेली केबल वरून धड दिसते, पण आतून तुटलेली असते. नवीन लंबगोल पिनेच्या (टाइप-सी) केबलींत काही फक्त मोबाइल चार्ज करण्यापुरत्या असतात. त्यांतून वीज जाते, पण माहिती जात नाही. दिवा लागूनही डिस्क दिसली नाही, तर ही शक्यता धरावी.

एका पाणीपुरवठा संस्थेच्या सचिवांनी नऊ वर्षांचे हिशेब असलेली डिस्क 'मेली' म्हणून बाजूला ठेवली होती. गट ऑफिसात दुसरी केबल लावताच ती चालू झाली. त्यांनी मोबाइलची केबल लावली होती, एवढेच.

३) दुसऱ्या संगणकावर लावून पाहा

शेजारच्या संगणकावर डिस्क दिसली, तर दोष आपल्या संगणकात आहे, डिस्कमध्ये नाही. तिथेही दिसली नाही, तर दोष डिस्क किंवा केबलकडे आहे. या एका परीक्षेने अर्धे काम होते.

याच वेळी कान लावून ऐकावे. डिस्क एकसारखी हलके गुणगुणत असेल, तर ती फिरते आहे. पूर्ण शांत असेल, तर वीज पोचत नाही किंवा आत बिघाड आहे. 'कट्-कट्-कट्' असा ठरावीक आवाज येत असेल, तर हेडमध्ये बिघाड असण्याचा संभव मोठा आहे. अशी डिस्क ताबडतोब काढावी व पुन्हा पुन्हा लावून पाहू नये. प्रत्येक वेळी तबकडी आणखी खराब होते. (काही नव्या डिस्कमध्ये फिरणारा भागच नसतो. त्यांना एस.एस.डी. म्हणतात. त्यांचा आवाज येत नाही, हे लक्षात ठेवावे.)

४) आता पडद्यावर पाहा

डिस्क फिरते, पण 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही, असे असेल तर विंडोज संगणकावर विंडोजचे बटण धरून एक्स दाबावे. जी यादी येते, तिच्यात 'डिस्क मॅनेजमेंट' निवडावे. संगणकाला जोडलेल्या सर्व डिस्कची ही नोंदवही समजा. आपली डिस्क तिच्या आकारावरून (उदा. १ टी.बी.) ओळखावी. पुढे पाचपैकी एक प्रकार दिसेल.

(अ) *डिस्क 'हेल्दी' आहे, पण तिला अक्षर नाही.* हा सोपा प्रकार. घर आहे, दारावर नंबर नाही, असा. त्या पट्टीवर उजवे बटण दाबून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मग 'ॲड' करून मोकळे अक्षर द्यावे. माहितीला धक्का लागत नाही.

(आ) *डिस्क 'ऑफलाइन' आहे.* डावीकडच्या नावावर उजवे बटण दाबून 'ऑनलाइन' करावे.

(इ) *पट्टीवर 'रॉ' लिहिले आहे, किंवा संगणक 'डिस्क फॉर्मॅट करा' म्हणतो आहे.* इथे सर्वांत जास्त नुकसान होते. संगणकाला डिस्कवरची मांडणी वाचता येत नाही, म्हणून तो नवीन मांडणी करू का, असे विचारतो. ही सूचना म्हणजे उपाय नव्हे. 'कॅन्सल'च दाबावे. डिस्क ॲपलच्या संगणकावर तयार केलेली असेल, तरी विंडोज हेच म्हणते. अशा वेळी ती ॲपलच्या संगणकावर लावावी.

(ई) *'नॉट इनिशियलाइज्ड' किंवा 'अनॲलोकेटेड' दिसते.* डिस्क कोरी नवी असेल, तरच पुढे जावे. जुनी, माहितीने भरलेली असेल, तर 'इनिशियलाइझ'ला होकार देऊ नये. जाणकाराकडे न्यावी.

(उ) *नोंदवहीत डिस्क नाहीच.* त्याच यादीतील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडावा. डिस्कच्या नावापुढे पिवळी खूण असल्यास उजवे बटण दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करावे, डिस्क काढावी, संगणक बंद करून चालू करावा व डिस्क पुन्हा लावावी. यात फक्त संगणकातील ओळखपत्र नवे होते, डिस्कवरची माहिती तशीच राहते. डिस्क दिसते आणि थोड्या वेळाने नाहीशी होते, असे असेल तर 'यू.एस.बी. रूट हब'च्या 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये, तो भाग असल्यास, वीज वाचविण्यासाठी बंद करण्याची परवानगी काढून टाकावी.

एक इशारा टी.व्ही.बाबत. डिस्क सिनेमा पाहण्यासाठी टी.व्ही.ला लावतात. काही टी.व्ही. कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी डिस्क स्वतःच्या पद्धतीने तयार करून घेण्यास विचारतात. रिमोटने 'हो' म्हटले, की आधीची माहिती पुसली जाते व संगणकालाही ती डिस्क ओळखता येत नाही.

हे करू नका

१. डिस्क उघडू नका. फ्रीजमध्ये ठेवणे, हाताने ठोकणे असले उपाय ऐकू नका.

२. महत्त्वाची माहिती आत असताना 'चेक डिस्क' हा दुरुस्तीचा आदेश लगेच चालवू नका. तो मांडणी दुरुस्त करतो, पण मरायला टेकलेल्या डिस्कवर ताण आणतो आणि तुटक्या फायली बाजूला टाकतो. आधी जेवढे निघेल तेवढे दुसरीकडे उतरवून घ्या, मग दुरुस्ती.

३. चुकून फॉर्मॅट झालीच, तर त्या डिस्कवर एकही नवी फाइल टाकू नका. 'क्विक' फॉर्मॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका जाते, पाने बरीचशी शिल्लक असतात, आणि ती परत मिळू शकतात. पूर्ण फॉर्मॅट केल्यास विंडोज सर्वत्र शून्ये लिहिते, मग काही उरत नाही. एस.एस.डी.मध्ये क्विक फॉर्मॅटनंतरही माहिती लवकर कायमची जाऊ शकते.

४. परत मिळविलेली माहिती त्याच डिस्कवर उतरवू नका. दुसरी डिस्क घ्या.

५. खटखट आवाजाची डिस्क कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला उघडू देऊ नका. हे काम धूळविरहित खोलीत करणाऱ्या संस्था पुणे-मुंबईसारख्या शहरांत आहेत. खर्च मोठा असतो व यशाची हमी नसते. म्हणून तपासणीचा व कामाचा दर आधी लेखी घ्यावा.

रोग येण्याआधीची काळजी

गाठ-कांडी बेणे आपण एकाच कोपऱ्यात ठेवून त्यावर पुढचे वर्ष सोडत नाही. माहितीचेही तसेच. जाणकारांचा ३-२-१ असा एक साधा नियम आहे. महत्त्वाच्या माहितीच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि १ प्रत घराबाहेर असावी. संगणकात एक, डिस्कवर दुसरी, आणि तिसरी भावाच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. पुष्कळांचे होते काय, की संगणकात जागा नाही म्हणून सगळे डिस्कवर हलवतात आणि संगणकातून पुसतात. मग डिस्कवर आहे ती प्रत नव्हे, तर एकमेव मूळ कागद. तिला 'बॅकअप' म्हणणे चूक आहे.

डिस्क काढताना 'सेफली रिमूव्ह' करून काढावी. विंडोज १० च्या २०१८ सालच्या आवृत्तीपासून ही सक्ती ढिली झाली आहे. तरी फाइल उतरत असताना डिस्क ओढली, तर मांडणी बिघडतेच. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल, तर त्या वेळी मोठी कॉपी लावू नये. डिस्क चालू असताना हलवू नये, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लावून दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. वर्षभर कपाटात पडलेली डिस्क चालूच असेल, असे धरून चालू नये.

डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लावले असेल, तर ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावी. पासवर्ड विसरला आणि ही किल्लीही हरवली, तर धडधाकट डिस्कही कायमची बंद होते.

थोडक्यात

वीज, केबल, पोर्ट, दुसरा संगणक, मग पडदा, असा क्रम ठेवावा. अक्षर देणे व ओळखपत्र नवे करणे या गोष्टी निर्धास्त कराव्यात. 'फॉर्मॅट' आणि 'इनिशियलाइझ' या दोन शब्दांपाशी थांबावे. आवाज आला, तर डिस्क काढावी.

ज्यांची डिस्क आज उत्तम चालू आहे, अशा सभासदांनी हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी घरातल्या मुलांना एकच प्रश्न विचारावा : "यातले फोटो आणखी कुठे आहेत?" उत्तर 'कुठे नाहीत' असे आले, तर या रविवारी दुसरी प्रत काढून घ्यावी.