घोड्याचा तंग



'बिबट्या जेरबंद' अशी बातमी शहापूर-मुरबाडकडच्या माणसाने कधीतरी वाचलेली असतेच. जेरबंद म्हणजे पकडलेला. पण हा शब्द जरा मोडून पाहा. अक्षराच्या खाली येते ती जेर, हे तुम्ही उर्दूच्या पहिल्याच पुस्तकात शिकलात. घोड्याच्या छातीखालून लगामाकडे जाणारा पट्टा तो मूळचा जेरबंद. तो बांधला की घोड्याला मान वर झटकता येत नाही. लगाम, जीन, रिकीब, नाल, तोबरा हे शब्दही असेच फारसी-अरबीतून मराठीच्या तबेल्यात आले आणि इथलेच झाले.

तंग हा त्यांतलाच एक शब्द. घोड्याच्या छातीखालून आवळून खोगीर जागेवर धरणारा पट्टा म्हणजे तंग. तंग म्हणजे घट्ट, हेही तुम्हांला ठाऊक आहे. या नावामुळेच की काय, पट्टा जितका घट्ट तितका चांगला असे पुष्कळांना वाटते.

माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी वरातीची पांढरी घोडी होती. लग्नसराईत शहापूरपासून मुरबाडपर्यंत तिला मागणी असे. एके दिवशी तो मुलगा हाताला पट्टी बांधून शाळेत आला. तंग आवळताना घोडी चावली होती. "सर, ती फार खोडकर झाली आहे. अब्बा तिला विकणार आहेत," तो म्हणाला. घोडी त्याची लाडकी होती, हे त्याच्या आवाजावरून कळत होते.

मी त्यांच्या घरी गेलो. खोगीर दिसताच घोडीने कान मागे पाडले, शेपटी झटकली. तंग हातात घेतल्यावर ती मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहू लागली. तिचा पुढचा पाय उचलून पाहिला, तेव्हा कोपरामागे रुपयाएवढी जागा केस जाऊन लाल झालेली दिसली. तंग नायलॉनचा होता, दोन बोटे रुंद आणि कडेला धारदार. घोडी खोडकर नव्हती, तिला दुखत होते. मारून हे कसे थांबणार?

जनावरांच्या डॉक्टरांनी जखमेला मलम दिले आणि कातडी पूर्ण भरेपर्यंत खोगीर घालू नका असे बजावले. ऐन लग्नसराईत हे सोपे नव्हते. दोन सुपाऱ्या परत कराव्या लागल्या.

मग नवा तंग निवडायचा होता. कोपरामागची कातडी पातळ असते आणि पाय पुढेमागे होताना तिथेच घासते. दाब मोजून पाहिला तेव्हा तंगाचा जोर छातीखाली मध्यावर नव्हे, तर कोपरामागे सर्वांत जास्त आढळला आहे. म्हणून हळव्या घोड्याला तंग रुंद हवा, निदान चार बोटे. अरुंद पट्ट्याचा सारा जोर एका रेषेवर येतो. भरलेली पिशवी सुतळीने उचला आणि मग रुंद पट्ट्याने उचला, म्हणजे तुमच्याच बोटांना हे कळेल.

कापड सुती असले तर घाम शोषला जातो. चामड्याचा तंगही चांगला, पण आपल्याकडच्या पावसात त्याला बुरशी येते आणि नीट न वाळवता ठेवला तर तो लाकडासारखा कडक होतो. त्याला तेल लावण्याचा आळस असेल तर सुतीच घ्यावा. लोकरीचे अस्तर मऊ असते, मात्र त्यात कुसळे अडकतात. तंग कशाचाही असो, वाळलेला घाम आणि माती कातडीला कानसेसारखी घासते, म्हणून तो धुतलेला हवा.

लांबी अंदाजाने ठरवू नये. खोगीर ठेवून एका बाजूच्या पट्ट्यापासून छातीखालून दुसऱ्या बाजूपर्यंत दोरीने माप घ्यावे. बकल कोपरापाशी येता कामा नये. तंग कोपराच्या मागे साधारण चार बोटे अंतरावर बसावा.

घोडा मुद्दाम पोट फुगवतो, असे जुने लोक सांगतात. मला ते पटत नाही. दुखणार हे ठाऊक असलेला प्राणी अंग आखडून घेतो. इंजेक्शनची सुई पाहून तुम्हीही तेच करता. म्हणून तंग एका दमात ओढू नये. आधी सैल बांधून घोड्याला दहा-वीस पावले चालवावे, मग एक भोक आवळावे, पुन्हा चालवावे. पुढचे दोन्ही पाय एकेक करून हलकेच पुढे ओढले की खाली अडकलेली कातडीची सुरकुती निघते. शेवटी तंगाखाली सपाट बोटे सरकली पाहिजेत. तंग चांगला असूनही घोडा चावत असेल, तर पोटात व्रण असू शकतो. ते काम डॉक्टरांचे.

आपल्या शेजारी माथेरानला खासगी मोटारी दस्तुरीपाशीच थांबतात आणि पुढे घोडे माणसे वाहतात. तिथे गेलात तर घोड्यावर बसण्यापूर्वी एकदा त्याच्या कोपरामागे पाहा.

त्या घोडीला निवारीचा पाच बोटे रुंद तंग शिवून घेतला. पहिल्या दिवशी मुलाने तो नुसता तिच्या नाकापुढे धरला. तिने हुंगला, कान मागे पाडले, पुन्हा हुंगला. अब्बांनी पहिल्या भोकात बकल अडकवले आणि तिला अंगणात फिरवू लागले. दुसऱ्या भोकाला तिने मान वळवली, पण दात दाखवले नाहीत. मुलाने पट्टी सोडलेला हात हळूच तिच्या मानेवर ठेवला.