नाविकाच्या आईनं कुणाला विचारायचं?

प्रश्न : आमच्या करोंदच्या कॉलनीत शेजारच्या वहिनींचा मुलगा नौदलात अग्निवीर म्हणून लागला आहे. सध्या कुठल्याशा तळावर 'सुरक्षेच्या कामाला' आहे, एवढंच कळतं. भोपाळला समुद्र नाही, ओळखीत नौदलाचं दुसरं घर नाही. फोन आला नाही की वहिनी आमच्या ओट्यावर येऊन बसतात. अशा मुलांच्या आयांची काही संघटना असते का? आणि सुरक्षेचं काम म्हणजे तो नक्की करतो तरी काय?
– एक वाचक, करोंद, भोपाळ

उत्तर : आधी काम समजून घेऊ, कारण आईची निम्मी काळजी तिथंच अडकलेली असते. 'सुरक्षेत आहे' असं सांगून मुलं पुढं गप्प बसतात. त्यांना शिकवणच तशी असते. मग घरी दोन टोकांची चित्रं तयार होतात. शेजारी म्हणतात, मुलगा गेटवरचा वॉचमन झाला. आई टीव्ही बघून धरून चालते की तो रोज चाच्यांच्या बोटीवर उड्या मारतो. (तिसरा एक प्रकार असतो. 'मर्चंट नेव्हीत ना? पगार मोठा असेल' असं विचारणारा. त्याला उत्तर देऊ नये.)

नौदलाचे स्वतःचे पोलीस असतात, त्यांना प्रोव्होस्ट म्हणतात. तळाच्या दारावरची तपासणी, ओळखपत्रं, वाहनं, आतली शिस्त हे त्यांचं काम. दुसरं एक दल मुंबईकरांना ठाऊक असायला हवं, पण फारसं नसतं. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी 'कुबेर' नावाची मच्छीमार बोट बळकावून मुंबईजवळ आले आणि रबरी बोटीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. त्यानंतर २००९ मध्ये किनाऱ्यासह सगळ्या सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे आली आणि 'सागर प्रहरी बल' उभं राहिलं. योजना सुमारे १,००० माणसांची आणि ८० वेगवान बोटींची होती. नौदलाचे तळ आणि त्यांच्या लगतचं पाणी राखायचं, हे त्यांचं काम. याशिवाय जहाजावरच्या नाविकांना, मूळ काम रडारचं असो की इंजिनाचं, पाळीपाळीनं पहारा चुकत नाही. संशयित बोटीवर चढून झडती घेणाऱ्या तुकड्याही जहाजांवर असतात. टीव्हीवर दिसतं ते मात्र वेगळंच असतं. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाता आणि तिच्या मदतीला आलेल्या मरीन कमांडोंनी 'रुएन' हे पळवलेलं जहाज ४० तासांच्या कारवाईत सोडवलं आणि ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. अशा बातमीनंतर देशभरातल्या नाविकांच्या आयांना आपलाच मुलगा दोरीवर लटकलेला दिसतो. खरं तर दारावर उभं राहणाऱ्या मुलाला छळतात त्या गोष्टी अगदी साध्या असतात. ऊन, अपुरी झोप, आणि आपल्याच बरोबरीच्या पोराला 'पास दाखव' म्हणावं लागणं. ज्यांच्याबरोबर जेवायचं त्यांनाच अडवायचं, हे एकोणीस वर्षांच्या मुलाला जड जातं. ही गोष्ट तो आईला सांगेल, पण ती शत्रूची नसल्यामुळं आईला बहुधा किरकोळ वाटेल. वहिनींनी ती ऐकून घ्यावी.

वहिनींचा मुलगा यांपैकी नेमका कुठं आहे, ते मी सांगू शकत नाही. त्यानंही फोनवर सांगू नये.

आता त्या न येणाऱ्या फोनबद्दल. जहाजावरचा दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत कापलेला असतो. संध्याकाळी चार ते आठ एवढ्या पाळीचेच दोन-दोन तासांचे दोन तुकडे करतात. त्यांना डॉग वॉच म्हणतात. त्यामुळं दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होतात आणि मध्यरात्री बारा ते चारची पाळी रोज त्याच माणसांच्या नशिबी येत नाही. म्हणजे मुलाचा मोकळा वेळ रोज सरकतो. काल रात्री नऊला बोललेला मुलगा आज नऊला झोपलेला असतो नाही तर पहाऱ्यावर असतो. तळावरच्या पहाऱ्याच्या वेळाही अशाच फिरत राहतात. एका आईनं दुसरीला एवढंच समजावून सांगितलं, तरी बरीचशी घालमेल थांबते. फोनलाही बंधनं आहेत, ती वेगळीच. डिसेंबर २०१९ मध्ये आंध्र पोलिसांच्या गुप्तचर शाखेनं 'ऑपरेशन डॉल्फिन्स नोज'मध्ये सात नाविकांना अटक केली. समाजमाध्यमांवरून त्यांना जाळ्यात ओढून माहिती काढल्याचा आरोप होता. लगेचच जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुक यांच्यावर नौदलानं बंदी घातली. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत तर विमानवाहू नौकेसह ताफा उत्तर अरबी समुद्रात सज्ज होता. अशा वेळी फोन येत नाही, त्याचा अर्थ मुलगा कामावर आहे, इतकाच घ्यायचा.

तुम्ही संघटनेबद्दल विचारलंत. पत्नींची आहे. आयांची म्हणावी अशी नाही. लष्कराची 'आवा' (आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन) १९६६ पासून आहे. नौदलाची आहे, हवाई दलाचीही आहे. तिन्ही पत्नींच्या नावानं उभ्या राहिल्या. नौदलाच्या संघटनेनं अलीकडं नावातला 'वाइव्ज' काढून 'वेल्फेअर अँड वेलनेस' केलं, पण तिचं काम मुख्यतः नौदलाच्या वसाहतींत चालतं. मुंबई, विशाखापट्टणम, कोची, कारवार अशा ठिकाणी. करोंदच्या मंडीमागं राहणाऱ्या आईपर्यंत ते पोचायचं कसं? जुन्या काळी ही रचना चालूनही गेली, कारण नाविकाचं लग्न होई, बायको क्वार्टरमध्ये येई आणि घराचा धागा तिच्या हाती जाई. अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली, आणि हे गणितच बदललं. अग्निवीर साडेसतरा ते एकवीस वर्षांचा. भरतीच्या वेळी अविवाहित हवा, आणि चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाते, असं नौदलाच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं. म्हणजे चार वर्षं आईबापच जवळचे, हे नियमानंच ठरवून दिलं. मग त्या आईसाठी काय केलं? ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर सोळा आठवड्यांचं प्रशिक्षण संपलं की परेडला आईबापांना बोलावतात. पहिल्या तुकडीची परेड २८ मार्च २०२३ रोजी सूर्यास्तानंतर झाली. सुमारे २,६०० अग्निवीर, त्यांत २७० च्या वर मुली. आईला मानाची खुर्ची मिळते ती त्या संध्याकाळी. त्यानंतर सरकारदरबारी तिला नाव मिळतं ते वीरमाता म्हणून, आणि ते नाव कुठल्याच आईला नको असतं. मधल्या सगळ्या वर्षांत ती कुणीच नसते. ही उणीव मला खरी वाटते. ती भरून काढायची तर पुढाकार आयांनाच घ्यावा लागेल.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात हा प्रश्न पडत नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, आणि आजही घरटी कुणीतरी फौजेत असतं. तिथं पत्र आलं नाही म्हणून घाबरलेल्या सुनेला सासू सांगते, सासूला शेजारची म्हातारी सांगते. फौजेतला जवान सुट्टीवर आला की चार घरांचे निरोप घेऊन येतो. तो आधार गावाच्या रचनेतच आहे, त्याला सभासद फी लागत नाही. करोंदसारख्या वस्तीत, जिथं एक घर विदर्भातून आलेलं, दुसरं बुंदेलखंडातलं, तिसरं बिहारमधलं, तिथं तो मुद्दाम जमवावा लागतो.

जमवता येतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावच्या वर्तमानपत्रानं जानेवारी १९४२ मध्ये एक कूपन छापलं. तुमचा मुलगा सैन्यात असेल तर भरून पाठवा, एवढंच. कूपनं आली आणि फेब्रुवारीत सुमारे ३०० आया एका हॉटेलात जमल्या. त्यातून 'ब्लू स्टार मदर्स' ही संघटना झाली, ती आजही आहे. सेवेत असलेल्या प्रत्येक मुलामागं खिडकीत एक निळा तारा, आणि गमावलेल्यासाठी सोनेरी, ही खूण त्यांच्या घरांवर दिसते. रशियातल्या आयांनी वेगळी वाट धरली. १९८९ मध्ये 'सैनिक मातांची समिती' निघाली ती बराकीतल्या छळाविरुद्ध. पहिल्या चेचेन युद्धात त्यांतल्या काही जणी मुलांना शोधत थेट युद्धभूमीकडं गेल्या. ऑगस्ट २००० मध्ये 'कुर्स्क' पाणबुडी ११८ जणांसह बुडाली. त्या वेळी सभेत मंत्र्याला जाब विचारणाऱ्या एका आईला तिथल्या तिथं गुंगीचं इंजेक्शन दिलं गेलं, आणि ते दृश्य जगानं टीव्हीवर पाहिलं. फ्लिंटच्या आया धीर देतात, मॉस्कोच्या जाब विचारतात. आपल्याकडं पहिल्या प्रकाराचं कौतुक होतं आणि दुसऱ्याची भीती वाटते. माझ्या मते एकाच गटात दोन्हीला जागा हवी. मुलाला छळ होतोय असं वाटलं तर कुणाकडं बोलायचं, हे विचारणारी आई देशाविरुद्ध बोलत नसते.

आणि भोपाळच्या बायकांना संघटना म्हणजे काय हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. गॅसकांडानंतर 'भोपाल गॅस पीडित महिला उद्योग संघटन' निघालं. दर शनिवारी यादगार-ए-शाहजहानी पार्कात बायका जमायच्या. पाच येवोत की पाचशे, शनिवार ठरलेला. संघटनेचे नेते अब्दुल जब्बार २०१९ मध्ये वारले, तोवर ही बैठक वर्षानुवर्षं चालली. त्या बायकांचं दुःख निराळंच होतं, पण वार ठरलेला आणि जागा ठरलेली, ही त्यांची युक्ती कुणालाही उचलता येईल. करोंदच्या ज्या रस्त्यावर गॅसपीडितांसाठीचं भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल उभं आहे, तिथल्या कुणा जुन्या बाईला विचारलंत तर ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

वहिनींना आणखी चार घरं कशी सापडतील? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते निवृत्तांचं म्हणून ओळखलं जातं, पण सेवेत असलेल्यांच्या कुटुंबांच्या अडचणीही तिथं मांडता येतात. दुसऱ्यांचे नंबर ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. आपला नंबर मात्र ठेवून या, कुणी विचारलं तर द्या म्हणावं. शहरात समुद्र नसला तरी बडा तलाव आहे आणि त्यावर सराव करणारं एनसीसीचं नौदल युनिट आहे. तिथल्या कॅडेटांपैकी काही मुलं पुढं नौदलात जातात, त्यांच्या आया तुमच्याच शहरात राहतात. मराठी मंडळाच्या गणपतीतही विचारा, पण गट मराठीपुरता ठेवू नका. जहाजावर मुलाच्या शेजारच्या बंकवर तमिळ पोर झोपतं, आईला बुंदेली मैत्रीण चालायला काय हरकत आहे?

गट झाला की एक पथ्य पहिल्याच दिवशी पाळायचं. जहाजाचं नाव, बंदर आणि तारीख कुणीही लिहायची नाही, 'उद्या निघतोय, देवा सांभाळ' असं भक्तिभावानंसुद्धा नाही. गणवेशातला फोटो, त्यामागं दिसणारी जेट्टी, दोन्ही नको. अनोळखी 'नौदल अधिकाऱ्याची पत्नी' गोड बोलून गटात यायला बघते, तिला आधी समोरासमोर भेटायला बोलवा. प्रत्येकीनं मुलाला विचारून घ्यायचं की त्याच्या नोंदीत जवळचं माणूस म्हणून कुणाचं नाव, कुठला पत्ता, कुठला फोन आहे. घर बदललं आणि नोंद जुनीच राहिली, असं फार होतं. विम्याची रक्कम अग्निवीराला ४८ लाख आहे, पण हप्ता त्याच्या पगारातून कापत नाहीत, म्हणून घरी कित्येकांना तो विमा आहे हेच ठाऊक नसतं.

आणखी एका गोष्टीची बोलणी आत्तापासून सुरू करा. २०२२ च्या अखेरीस चिल्कावर दाखल झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. जास्तीत जास्त २५ टक्के कायम होतील. बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी आणि कौशल्याचं प्रमाणपत्र घेऊन, ऐन विशीतच घरी येतील. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी १० टक्के जागा राखून ठेवल्याची घोषणा २०२२ मध्ये झाली. विमानतळं आणि बंदरं राखणारं सीआयएसएफ त्यांतच येतं. तळाच्या दारावर पहारा केलेल्या मुलाला ते काम परकं वाटणार नाही. मात्र त्या भरतीच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्यामुळं वहिनींनी मुलाला पुढच्या फोनवर एवढंच विचारावं, की बारावीची गुणपत्रिका घरी कुठल्या पिशवीत ठेवली आहे.